झाडाच्या पोटात

माझी आत्या शहरात बस चालवायची. जन्मभर तिनं माणसांनी गच्च भरलेली गाडी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेली आणि परत आणली. निवृत्त झाली त्या दिवशी डेपोतल्या लोकांनी तिला विचारलं, "आता काय करणार?" ती म्हणाली, "जिथे एकही थांबा नाही अशा ठिकाणी जाऊन बसणार." सगळे हसले. तिनं खरंच तसं केलं.

जंगलातली जमीन तिनं आम्हाला न विचारता घेतली. आम्ही म्हणजे मी आणि आई. बाबा आम्हाला सोडून गेले तेव्हा मी शाळेत होते. आत्या ही बाबांची धाकटी बहीण. नातेवाइकांना वाटलं, ती भावाची बाजू घेऊन भांडायला येईल. ती आली खरी, पण कपड्यांची बॅग घेऊन आली आणि आईला म्हणाली, "वहिनी, दादा गेला तर गेला. मी कुठे जात नाही." तेव्हापासून आम्ही तिघी एका घरात. आई तिला 'धाकटे' म्हणायची. फार चिडली की मात्र 'अहो वन्सं' म्हणायची, आणि 'वन्सं' ऐकलं की आत्या मुकाट्यानं भांडी घासायला घ्यायची.

आईचं दुकान घराच्या खालीच होतं. गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची, फाटक्या खुर्च्यांना नवं अंग द्यायची. सगळीकडे रेक्झिनचे रोल, फोमच्या लाद्या, डिंकाचा वास. आत्या तिथे येऊन फोमवर बसली आणि म्हणाली, "वहिनी, जमीन घेतली."

आईनं मशीनवरून पाय काढला नाही. "कुठे?"

"जंगलात. डोंगराच्या कुशीत."

"रस्ता आहे?"

"नाही. म्हणून तर परवडली."

"पाणी?"

"ओढा आहे."

"वीज?"

आत्यानं रेक्झिनचा एक तुकडा उचलून त्याची घडी घातली, मोडली, परत घातली.

"अहो वन्सं," आई म्हणाली, "मग तिथे आहे तरी काय?"

"झाडं," आत्या म्हणाली, आणि उठून वर भांडी घासायला गेली.

पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा आई केवळ नाइलाजानं आली. मी हॉस्पिटलात लोकांचे आखडलेले गुडघे वाकवायचं काम करते, त्यामुळे आत्याच्या गुडघ्यांवर लक्ष ठेवायला मला नेलं होतं. आत्याची जुनी व्हॅन कच्च्या रस्त्यानं जिथवर जाईल तिथवर गेली. एका पडक्या फाटकापाशी रस्ता संपला. पुढे पायवाटसुद्धा नव्हती. आत्या पुढे, हातात कोयता, मागे मी, आणि सगळ्यात मागे आई, चांगली चप्पल घालून, दर चार पावलांना एक सुस्कारा सोडत.

मग मला जाणवलं की सुस्कारे थांबले आहेत. मागे वळून बघितलं तर आई उभी होती आणि मान मागे टाकून वर बघत होती. झाडं किती उंच होती हे मला सांगता येणार नाही, कारण शेंडे दिसतच नव्हते. खोड वर जात राहायचं, नजर दमायची, तरी खोड जातच असायचं. ऊन खालपर्यंत पोचत नव्हतं. वरच कुठेतरी हिरवं होऊन विरत होतं. पायाखाली पाचोळ्याचा इतका जाड थर होता की पाऊल आत जायचं आणि हळूच वर ढकललं जायचं. आमच्या बोलण्याचा आवाजसुद्धा कुणीतरी हातात झेलून खाली ठेवल्यासारखा वाटत होता.

आईनं एका खोडावर अंगठा दाबून फिरवला. चामडं अस्सल आहे की नकली हे बघताना ती नेहमी असंच करते.

"काय म्हणतेस वहिनी?" आत्यानं विचारलं.

"काही नाही," आई म्हणाली. बऱ्याच वेळानं परत म्हणाली, "काही म्हणायला सुचतच नाही."

तिथे राहायला एक लहानशी खोप बांधायची आणि तीही बेतात, हे ठरलेलंच होतं. नवीन काही विकत घ्यायचं नाही, जे कुणाला नको आहे ते आणायचं. पाडलेल्या शाळेच्या छपराचे पत्रे मिळाले. एका गोदामवाल्यानं माल ठेवायच्या लाकडी फळ्या घेऊन जा म्हणून सांगितलं. आणि खिडक्या आल्या डेपोच्या भंगारातून. आत्या ज्या बसवर सगळ्यात जास्त वर्षं होती ती बस मोडीत निघाली होती. तिच्या सरकत्या काचा आत्यानं स्वतः पाना घेऊन उतरवल्या. एकीवर 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' असं लाल अक्षरांत लिहिलेलं होतं. ते खरवडून काढू या म्हटलं तर आत्या माझ्यावर डाफरली. "राहू दे. घरात तेवढं तरी लिहिलेलं पाहिजे."

सुतार मिळाला तो आईच्या ओळखीचा. त्याच्या गाडीची सीट आईनं शिवली होती. त्याला सगळे 'अंदाजे' म्हणायचे, कारण माप घ्यायच्या आधी तो नेहमी अंदाज सांगायचा आणि बहुतेक वेळा माप घ्यायचंच राहून जायचं. "अंदाजे दुपारपर्यंत होईल" म्हणाला की पुढचा आठवडा धरायचा. पण हात सफाईदार होता, मजुरी आमच्या आवाक्यातली होती आणि रोज इतकं चालून यायला दुसरं कुणी तयारही नव्हतं.

सामान खांद्यावरून न्यायचं होतं. पत्रा उभा धरला की झाडांत अडकायचा, आडवा धरला की वाऱ्यावर फडफडायचा. शेवटी आईनं जुन्या सीटबेल्टचे पट्टे शिवून खांद्यावर अडकवायची एक झोळी केली. दोघींनी दोन टोकांना अडकवून चालायचं. आत्या पुढून ओरडायची, "वळण आहे! मागचे सांभाळा!" आणि मागून आई, "कंडक्टर नाही मी तुझी!"

जागा निवडली ती ओढ्यापासून जरा वर, सपाटीवर. बांधायला सुरुवात करायच्या आधी आईनं एक काम केलं. दुकानातून रेक्झिनच्या कापलेल्या पट्ट्या आणल्या आणि जमिनीवर खिळ्यांनी ठोकून खऱ्या मापाची खोप आखली. सीटचा बेत ती कागदावर कापते, तसाच हा. इथे भिंत, इथे दार, इथे पलंग, इथे चूल. मग आम्हाला त्या रेषांच्या आत चालायला लावलं. आत्या दोनदा पलंगाला धडकली. अंदाजे म्हणाला, "ताई, हे सगळं करायची गरज नव्हती. मी नुसतं बघून सांगितलं असतं."

"म्हणूनच केलं," आई म्हणाली.

त्या सपाटीच्या वरच्या अंगाला एक झाड होतं. सगळीच झाडं मोठी होती, पण हे त्यांच्यातलं नव्हतंच. आम्ही तिघांनी हात पसरून मिठी घालून बघितली, तरी अंदाजेचा हात कुठे आणि आत्याचा कुठे हे कुणालाच दिसेना. खालून ते झाडासारखं दिसायचं नाही, डोंगराचाच एक भाग असावा तसं दिसायचं. त्याच्या मुळांच्या घड्यांत दुसरी झाडं उगवली होती आणि तीही काही लहान नव्हती.

एक दिवस फोमच्या गाद्या ठेवायला कोरडी जागा बघते म्हणून आई गेली आणि बराच वेळ आली नाही. मी हाका मारत निघाले.

"आई! कुठे आहेस?"

"आत," तिचा आवाज आला. जवळून आला, पण जाड भिंतीपलीकडून यावा तसा.

"कशाच्या आत?"

मी त्या झाडाला वळसा घालून चढाच्या बाजूला गेले. तिथे काटेरी वेलींचं जाळं होतं, त्यातल्या काही नुकत्याच बाजूला सारलेल्या. त्यांच्यामागे खोडाला एक उभी फट होती. मी अंग आडवं करून, श्वास ओढून आत शिरले आणि सरळ उभी राहिले. हातही पसरता आले.

आतून झाड पोकळ होतं. आमच्या दुकानाएवढी खोली होती ती. वर कुठेतरी, फार वर, एक भोक होतं आणि त्यातून उजेडाची एक बारीक रेघ खाली येत होती. तिच्यात धूळ तरंगत होती, वरही जात नव्हती आणि खालीही येत नव्हती. जमीन कोरडी आणि मऊ, लाकडाच्या भुशाची. आणि आई एका कडेला भिंतीला लागून असलेल्या उंचवट्यावर बसलेली.

"हे बघ," ती हळूच म्हणाली, जणू कुणी झोपलं होतं. "हा उंचवटा गुळगुळीत आहे. कुणीतरी बसून बसून झालाय. सीट कशी झिजते ते मला कळतं. एका माणसानं इतकी झिजत नाही."

मी भिंतीला हात लावला. बोट काळं झालं. डोळे सरावल्यावर दिसलं की एका बाजूनं पार वरपर्यंत काजळी चढली होती. इथे चूल पेटत होती. एकदा नाही, कितीतरी वर्षं पेटत असणार.

आत्या आणि अंदाजे आले. आत्या आत शिरताना अडकली, तिला आम्ही ओढून घेतलं. आत आल्यावर ती काहीतरी विनोद करणार होती, तिचं तोंड उघडलेलंही मी बघितलं. ते तसंच उघडं राहिलं.

आईनं फटीच्या कडेकडे बोट दाखवलं. तिथे सालीत काहीतरी रुतलेलं होतं. नीट बघितलं तर ती लाकडाची खुंटी होती. कुणीतरी दाराशी काही अडकवायला ठोकलेली. पण झाड तिच्याभोवती वाढत गेलं होतं, तिला गिळत आलं होतं. नखाएवढं टोक बाहेर उरलं होतं.

"म्हणजे दार तेव्हा रुंद होतं," आई म्हणाली. "माणसं सरळ आत यायची. आपण आडव्या होऊन आलो. झाड दार मिटतंय."

कोण राहिलं असेल? कुणापासून लपून, की कुणाबरोबर सुखात? तिथे मूल जन्मलं असेल, कुणी म्हातारं झालं असेल. आणि ती माणसं गेल्यावर झाडानं घाई न करता, आमच्या आयुष्याच्या हिशेबात न बसणाऱ्या सावकाशीनं, दार लावून घ्यायला सुरुवात केली होती.

"अंदाजे पाचशे वर्षं," अंदाजे म्हणाला.

"तुझं राहू दे," आत्या म्हणाली, पण नेहमीसारखा टोमणा नव्हता त्यात.

बाहेर आल्यावर मात्र तिचं डोकं बेताच्या हिशेबाकडे वळलं. "वहिनी, सामानाची शेड बांधायचा खर्चच वाचला की. अवजारं, पत्रे, सगळं आत ठेवू."

"नाही," आई म्हणाली.

"अगं, रिकामी तर आहे."

"रिकामी आहे हे तुला कुणी सांगितलं? दुसऱ्याच्या घरात न विचारता सामान ठेवत नाहीत."

"विचारायचं कुणाला?"

"तेच तर," आई म्हणाली. "विचारायला कुणी मिळेपर्यंत नाही."

आत्या हिरमुसली. सामान ताडपत्रीखालीच राहिलं. पण मी बघितलं, घरी निघताना आत्या रोज त्या झाडाला वळसा घालून यायची आणि येताना खोडावर थाप मारायची, रात्री डेपोत बस लावल्यावर बॉनेटवर मारायची तशी.

खांब उभे राहिले. चौकट झाली. एक भिंत पूर्ण झाली आणि तिच्यात बसची काच बसवली. काच भिंतीतल्या भोकापेक्षा वीतभर मोठी निघाली होती, कारण भोकाचं माप अंदाजे होतं. निम्म्या छपरावर पत्रे चढले. त्या दिवशी दुपारी हवा अचानक थांबली. पानं हलायची बंद झाली. पाखरांचा आवाज नाही, किड्यांची किरकिर नाही. मी इतके दिवस ज्याला शांतता म्हणत होते तिच्यात किती आवाज होते, हे तेव्हा कळलं.

आत्यानं वर बघितलं. "वादळ येतंय का रे?"

"छे," अंदाजे शिडीवरून म्हणाला. "अंदाजे उद्यापर्यंत तरी काही नाही."

तो खाली उतरेपर्यंत आलं. आधी आवाज आला, डोंगराच्या पलीकडून, मोठी मालगाडी यावी तसा. मग झाडं वाकली. सगळी एकदम, एकाच बाजूला. कुठेतरी फांदी मोडली, मग दुसरी. छपरावरचा एक पत्रा उचलला गेला आणि पतंगासारखा झाडांत दिसेनासा झाला.

"गाडीकडे पळा!" अंदाजे ओरडला.

"वेडा आहेस का?" आत्या ओरडली. "इतकं अंतर या झाडांखालून?"

तेवढ्यात आमच्याच वाटेवर एक फांदी आली. फांदी म्हणते मी, पण ती व्हॅनपेक्षा लांब होती. ती जमिनीत उभी घुसली आणि थरथरत राहिली.

आईनं माझं मनगट धरलं. "चला," एवढंच म्हणाली आणि चढाकडे निघाली. अंदाजे म्हणत होता की वादळात झाडाजवळ जायचं नसतं, हे लहान मूलही सांगेल. आई मागे न बघता म्हणाली, "इथे झाडाजवळ नाही अशी जागा दाखव, तिथे जाऊ." तो मुकाट मागे आला.

आत शिरलो आणि आवाज बदलला. बाहेर किंकाळ्या होत्या. आत एक खोल, जाड घुमारा होता, आणि तो कानांनी ऐकू येण्याआधी छातीत जाणवत होता. आम्ही भिंतीला पाठ लावून बसलो. तेव्हा मला कळलं की भिंत हलते आहे. तो हादरा नव्हता. ती एका बाजूला जात होती, थांबत होती, आणि परत येत होती. आणि खाली, जिथे आम्ही बसलो होतो तिथली जमीन, ती वर येत होती. अगदी थोडी. मग खाली. मग परत वर. मुळं ताणली जात होती आणि सैल होत होती, आणि त्यांच्यावर आम्ही चार माणसं, झोपलेल्या जनावराच्या पोटावर बसलेल्या पाखरांसारखी, वरखाली होत होतो.

गर्दीच्या रस्त्यावर ब्रेक निकामी झालेली बस भिंतीला घासून थांबवणारी माझी आत्या, तिनं डोळे गच्च मिटले होते आणि आईचा हात धरला होता. "वहिनी, हे पडेल."

"नाही पडणार."

"कशावरून?"

आईनं दुसरा हात भिंतीवर सपाट ठेवला. मशीनचा पट्टा सैल झालाय का हे बघायला ती अशीच ठेवते. "हात लाव इथे. बघ. ते वाऱ्याशी भांडत नाहीये. जातंय त्याच्याबरोबर आणि येतंय परत."

आत्यानं हात लावला. मीही लावला. अंदाजेनंही टोपी काढून दोन्ही हात लावले. काळ्या काजळीवर आमचे पंजे, आणि त्यांच्याखाली ते प्रचंड, सावकाश जाणं-येणं. भीती होतीच. पण भीतीच्या मागे दुसरं काहीतरी उभं राहत होतं, आणि हळूहळू ते भीतीपेक्षा मोठं झालं. याच भिंतीला, अशाच एखाद्या दुपारी, कुणीतरी असाच हात लावून बसलं असेल. त्यांनाही या झाडानं असंच मांडीवर घेऊन हलवलं असेल. आणि आमच्या आधी आलेल्या कितीतरी वादळांत आत कुणीच नसताना ते एकटंच हललं असेल.

मग एक आवाज आला. कापड फाटतं तसा, पण ते कापड डोंगराएवढं असावं. फाटतच राहिला, संपेचना. त्यानंतर एक क्षण काहीच नाही, आणि मग जमिनीनं आम्हाला उडवलं. खरंच, बसल्या जागेवरून आम्ही उचलले गेलो आणि खाली आपटलो. वरून भुसा पडला. आमचं झाड शहारलं, मुळापासून वरपर्यंत, आणि परत आपल्या लयीत आलं.

"जवळच पडलं," अंदाजे कुजबुजला. किती जवळ, याचा अंदाज त्यानं सांगितला नाही.

आत्या अचानक हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती. "वहिनी, जन्मभर मी गाडी चालवली," ती म्हणाली. "आज पहिल्यांदा प्रवासी झाले."

आई हसली. तिला असं तोंड उघडून, मान मागे टाकून हसताना मी किती वर्षांनी बघितलं, मला आठवेना. बाहेर जग मोडत होतं आणि या दोघी नणंद-भावजया झाडाच्या पोटात एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होत्या. अंदाजे बिचारा माझ्याकडे बघत होता. मी खांदे उडवले.

वारा पडला तेव्हा संध्याकाळ व्हायची होती. आम्ही एकेक करून आडवे होऊन बाहेर आलो आणि दारातच थांबलो.

आकाश होतं. इतके दिवस त्या जागी मी आकाश बघितलंच नव्हतं. ओढ्याच्या बाजूचा एक महाकाय वृक्ष आडवा झाला होता आणि त्यानं पडताना जंगलाच्या छताला एक लांबच लांब दार पाडलं होतं. त्यातून ऊन सरळ जमिनीवर येत होतं. पिवळं, तिरपं, जाड ऊन. त्यात ओल्या मातीची वाफ वर चढत होती. झाड मुळासकट उलटलं होतं. मुळांची भिंत आमच्या खोपीच्या छपरापेक्षाही उंच उभी होती, तिच्यात मोठमोठे दगड अजून मुठीत धरलेले. त्यामागे खड्डा, त्यात पाणी झिरपायला लागलेलं. हजारो बारीक मुळांची टोकं हवेत लोंबत होती आणि त्यांच्यावरून थेंब पडत होते. तेवढाच काय तो आवाज.

आमची खोप? तिची चौकट त्या झाडाच्या शेंड्याखाली गेली होती. एक कोपरा आणि खिडकीची एक भिंत तेवढी उभी होती.

मला रडूच आलं. खांद्याला पडलेले वळ, रजेचे दिवस, सगळं एकदम आठवलं. आत्या त्या मुळांच्या भिंतीसमोर जाऊन उभी राहिली, अगदी लहान दिसत होती, आणि बराच वेळ वर बघत राहिली.

"धाकटे," आई मागून म्हणाली, "परत बांधू."

"हो, बांधू," आत्या म्हणाली. तिचं लक्ष त्या गोष्टीकडे नव्हतंच. "वहिनी, इकडे ये. हे बघ. याच्या खाली काय काय होतं बघ. आणि आपण वरून चालत होतो."

ती संध्याकाळ आम्ही खोपीविषयी बोललोच नाही.

पुन्हा बांधायला घेतलं तेव्हा आईनं पट्ट्या नव्यानं आखल्या आणि खोप निम्मी केली. आत्यानं कुरकुर केली तेव्हा म्हणाली, "त्या खोडात माणसं राहिली. तेवढं आपल्याला पुरेल." जागाही बदलली; सपाटी सोडून चढावर, त्या मोठ्या झाडापासून आदरानं लांब. शेडही झाली शेवटी, पडलेल्या फांद्यांची. अंदाजेनं आडव्या झाडाच्याच फळ्या पाडल्या. साखळीच्या करवतीनं तो दिवसचे दिवस कापत बसायचा, आणि फळी निघाली की आधी तिचा वास घ्यायचा. ताजं लाकूड तांबूस होतं, ओलं, जरा गोडसर वासाचं. एका फळीवरची वर्तुळं मोजायला मी बसले आणि काही वेळानं थांबले. बोट माझ्या जन्माच्या पलीकडे, आजीच्या जन्माच्या पलीकडे गेलं होतं, आणि अजून काठही सुटला नव्हता.

आता खोप झाली आहे. एक खोली, एक चूल, दोन पलंग आणि बसच्या काचा. आत्या महिन्यातले बरेच दिवस तिथेच असते. आई दुकान बंद असलं की जाते, आणि दुकान आताशा बरेचदा बंद असतं.

पावसाळा संपल्यावर मी बऱ्याच दिवसांनी गेले. आई वाटेवरच उभी होती. मला बघून तिनं हात वर करून थांबवलं.

"पुढे येऊ नकोस," ती म्हणाली. "थांब तिथेच. खाली बघ."

जिथे ते झाड पडलं होतं, जिथे जंगलाचं छत उघडलं होतं, तिथे पोचणाऱ्या उन्हात सगळी जमीन हिरवी झाली होती. गवत असेल असं वाटलं. मी वाकून बघितलं. गवत नव्हतं. झाडं होती. बोटभर उंचीची, दोन-दोन पानांची, एकमेकांना खेटून उभी. शेकडो नव्हे, हजारो. त्यांचं बी कुणास ठाऊक किती वर्षं अंधारात पडून होतं. काहींच्या डोक्यावर अजून बियांची टरफलं टोप्यांसारखी अडकलेली होती.

पलीकडे, खोपीच्या पायरीवर आत्या बसली होती. तिच्या पायांत मोजे होते, बूट हातात. तिला ओढ्याकडे यायचं होतं आणि पाऊल ठेवायला जागाच नव्हती.

"सकाळपासून अशीच बसलीय," आई म्हणाली. "म्हणते, कुठे पाय ठेवू ते सांगा."

"मग तू का नाही सांगितलंस?"

चप्पल काढून हातात घेऊन आई माझ्या शेजारी खाली बसली. आम्ही अलीकडे, आत्या पलीकडे, आणि मधे ते सगळं, उन्हात.